कोल्हापूर ते पन्हाळा-जोतिबा सायकलवर: चढ, उतार आणि उसाच्या ट्रॉल्या

पन्हाळा कोल्हापूरपासून २० किलोमीटर. मोटरसायकलवर अर्धा-पाऊण तास. त्यामुळे नवी सायकल दारात आली की पहिल्याच रविवारी गडाकडे तोंड करायचा मोह होतो. बहुतेक जण गडाच्या फाट्यावरच्या वाघबीळच्या पुढे पहिल्या-दुसऱ्या वळणावर उतरून सायकल ढकलतात आणि ‘आपल्याला घाट झेपत नाही’ असं ठरवून टाकतात. खरं तर घाट फार मोठा नाही. चुकीचे गिअर, चुकीची हवा, उशिरा निघणं आणि आधीच्या सपाटीवर उधळलेला दम, या चार गोष्टींनीच माणूस तिथे मोडतो. चारही टाळता येतात.

हा लेख डांबरी रस्त्यावरच्या सायकलिंगसाठी आहे. मसाई पठार, पावनखिंड वगैरे पायवाटांच्या जागा यात धरलेल्या नाहीत. त्या रोड सायकलच्या बारीक टायरचं काम नव्हे.

१. आधी रस्ता ओळखा

गंगावेशीतून शिवाजी पुलाकडे गेलं की प्रवास सुरू होतो. पुलाशेजारची ब्रह्मपुरी टेकडी म्हणजे कोल्हापूरची सगळ्यात जुनी वस्ती. तिथे सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराची ती खूण. परतल्यावर एखाद्या दुपारी बघून या.

पुढच्या रस्त्याचे तीन तुकडे पडतात.

पहिला तुकडा पुलापासून केर्लीपर्यंत. नदीकाठची सपाटी, दोन्ही बाजूंना ऊस. पाय ताजे असतात, सायकल पळते, आणि नेमकी इथेच चूक होते. या पट्ट्यात बोलता बोलता चालवता येईल एवढाच वेग ठेवा. धाप लागून वाक्य तुटायला लागलं तर वेग जास्त झालाय.

दुसरा तुकडा केर्लीपासून वाघबीळपर्यंत. इथून रस्ता लाटांसारखा वरखाली होत हळूहळू चढतो. डोळ्याला चढ जाणवत नाही, मांडीला जाणवतो. ‘आज सायकल ओढत नाही, ब्रेक घासतोय बहुतेक’ असं इथे प्रत्येकाला वाटतं. एकदा चाक उचलून फिरवून खात्री करा. बहुतेक वेळा ब्रेक ठीकच असतो.

तिसरा तुकडा वाघबीळचा घाट. रत्नागिरीचा रस्ता सोडून गडाच्या फाट्याला लागलात की शेवटचे चार-पाच किलोमीटर सलग चढ. शहरापासून गडापर्यंतची उंची साधारण ३०० मीटरने वाढते, आणि त्यातला मोठा हिस्सा या तुकड्यात आहे.

नवख्याने जायला दोन तास धरावेत. यायला तास पुरतो.

२. सायकल: कोणती, आणि तिच्यात काय बघायचं

घाटासाठी नवी महागडी सायकल लागत नाही, सोपा गिअर लागतो. पुढची लहान चकती ३४ दात्यांची आणि मागच्या कॅसेटची सगळ्यात मोठी चकती ३२ किंवा ३४ दात्यांची असेल तर रोड बाइकवर वाघबीळचा घाट बसून चढता येतो. मागे २५ किंवा २८ च असेल तर नव्या पायांचे हाल होतात. दुकानात घेतानाच ‘मागे किती दात्यांची आहे?’ हे विचारा. नंतर कॅसेट बदलायची तर मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढी मोठी चकती पेलतो का ते आधी बघावं लागतं, कधी चेनही लांब घ्यावी लागते. हायब्रिड (रोड आणि डोंगरी सायकलीच्या मधली) किंवा एमटीबी (डोंगरी वाटांची सायकल) असेल तर गिअरची चिंता नाही. वजन आणि जाड टायर यामुळे वेळ थोडा जास्त लागेल, एवढंच.

टायर २८ मिलिमीटरचे घ्या. २३ चे बारीक टायर आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांना आणि गावोगावच्या बिनरंगी गतिरोधकांना पुरत नाहीत.

हवेचा अंदाज: ६५ ते ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये मागे ७५-८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), पुढे पाच-दहा कमी. हायब्रिडच्या ३५ च्या टायरला ५० ते ६०. टायरच्या कडेवर छापलेला सर्वात मोठा आकडा ही मर्यादा असते. तेवढी हवा भरलीच पाहिजे असा समज करून घेऊ नका. फार टणक टायर खडीवर उड्या मारतो आणि वळणावर सुटतो.

आता एक सापळा, ज्यात जवळजवळ प्रत्येक नवखा सापडतो. रोड बाइकच्या ट्यूबला बहुधा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, बारीक आणि टोकाला छोटी चकती असलेला. गावातल्या पंक्चरच्या दुकानातला किंवा पेट्रोल पंपावरचा हवेचा पाइप त्याला बसत नाही. दुकानदार मदत करायला तयार असतो, पण नळी लागत नाही आणि दोघेही एकमेकांकडे बघत बसता. पितळी अ‍ॅडॅप्टर सायकलच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो. आजच घ्या आणि व्हॉल्व्हलाच फिरवून ठेवा. पेट्रोल पंपावर भरताना मात्र टिचकी-टिचकीने भरा. तिथला दाब बारीक ट्यूब क्षणात फाडू शकतो.

सीटची उंची: टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. मग पाऊल नीट ठेवलं की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. सीट खाली राहिली तर घाटात गुडघ्याची पुढची बाजू दुखते, फार वर गेली तर मागची. पेडलला बूट अडकवणारी क्लिट पहिले दोन महिने नको. घाटात वेग पडून सायकल थांबते, पाय सुटत नाही, आणि माणूस उभ्या उभ्या आडवा होतो.

३. सोबत घ्यायच्या वस्तू आणि कागद

सीटखालच्या पिशवीत:

- दोन नव्या ट्यूब, टायरच्या मापाच्या
- दोन-तीन प्लास्टिकचे टायर लिव्हर, पंक्चर पट्ट्या आणि घासकागद
- हातपंप (घरी एकदा त्याच पंपाने चाक पूर्ण भरून बघा, किती हात लागतात ते कळेल)
- अ‍ॅलन कीचा मल्टिटूल, चेन तोडणीसह
- तुमच्या चेनच्या स्पीडचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी)
- टायर चिरला तर आतून लावायला जाड रबराचा किंवा ट्यूबचा तुकडा
- हातमोजे, नाहीतर चेनला हात लावून नंतर केळं खायची वेळ येते

अंगावर हेल्मेट, मागे लाल लुकलुकता दिवा, पुढे पांढरा दिवा. हिवाळ्यात पंचगंगेच्या खोऱ्यात सकाळी धुकं इतकं दाट असतं की दिवसाउजेडीही दोन्ही दिवे लागतात.

कागद: आधार कार्डाची प्रत, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी (फोन लॉक असतो, चिठ्ठी नसते), सुटे पैसे. सायकलच्या बिलाचा आणि फ्रेम नंबरचा फोटो फोनमध्ये ठेवा. नंबर बहुतेक सायकलींत पेडलच्या दांड्याजवळ खालच्या बाजूला कोरलेला असतो. सायकल चोरीला गेली तर तक्रार देताना तुमच्या सायकलची ओळख पटवायला हाच नंबर लागतो. आपत्कालीन नंबर दोन: ११२, आणि रुग्णवाहिकेला १०८.

४. चार आठवड्यांची तयारी

पहिले दोन आठवडे प्रयाग चिखलीपर्यंत जाऊन या. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते असं मानतात, तो संगम इथला. जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर, सगळी सपाटी. इथे शिकायचं ते असं: एका हाताने चालवत पाण्याची बाटली काढणं आणि परत ठेवणं, मागे वळून बघताना रेषा न सोडणं, थांबायच्या आधी गिअर हलका करणं.

तिसऱ्या आठवड्यात वाघबीळच्या फाट्यापर्यंत जा आणि परत या. घाट चढू नका. साधारण ३० किलोमीटर होतात आणि दुसऱ्या तुकड्यातला छुपा चढ कळतो.

चौथ्या आठवड्यात पन्हाळा. शक्यतो शनिवारी किंवा आठवड्यातल्या मधल्या दिवशी. रविवार जोतिबाचा वार, शिवाय गडावर पर्यटकांच्या गाड्या. दोन्ही गर्दी एकाच रस्त्यावर येतात.

या चार आठवड्यांत घरी बसून ट्यूब बदलायचा सराव करा, निदान मागच्या चाकाचा तीनदा. पंक्चर झालेली ट्यूब काढून लगेच नवी घालणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. बाभळीचा काटा टायरमध्येच राहतो आणि दोनशे मीटरवर नवी ट्यूबही बसते. आधी टायरच्या आतून कापड फिरवा. अडकेल तिथे काटा. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधू नका. हवा कमी असताना खड्ड्यात रिम आपटलीय, दोष हवेचा आहे.

५. ऋतू आणि वार

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात चांगली, पण नेमका तोच उसाचा हंगाम. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, ट्रॅक्टरला जोडलेल्या ‘अंगद’ गाड्या, आणि कितीतरींना मागे लाल रिफ्लेक्टरही नसतो. अंधारात निघायचा उत्साह या चार महिन्यांत आवरा, उजाडल्यावर निघा. ट्रॉलीच्या मागे चिकटून वारा चुकवणं म्हणजे मोळ्या अंगावर घ्यायची तयारी. ओलांडायचं असेल तर आधी पुढचा रस्ता पूर्ण दिसू द्या: दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षा रुंद डुलते आणि चालकाला तुम्ही दिसत नाही. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या वाड्यावर (शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर), पाचटावर किंवा शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चिखलावर ब्रेक मारू नका आणि हँडल वळवू नका. सरळ, पेडल न मारता पार व्हा.

याच हंगामाचा फायदाही आहे. गुऱ्हाळं चालू असतात. थांबून विचारलंत तर ताजा गूळ किंवा काकवी मिळते, आणि परतीच्या प्रवासाला त्याहून चांगलं इंधन नाही.

मार्च-एप्रिलमध्ये साडेपाच-सहाला निघा आणि दहाच्या आत घरी या. दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो.

जून ते सप्टेंबर नवख्यांनी गड टाळावा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. त्याआधीच बंधारे आणि आतले रस्ते पाण्याखाली जायला लागतात. ‘रेडेडोह फुटला’ ही बातमी आली की पन्हाळ्याच्या रस्त्यावर पाणी आलं असं समजा. घाटातही भरवसा नसतो: जुलै २०२१ च्या पावसात गडाच्या चार दरवाजाजवळचा रस्ताच खचला होता. पाणी ओसरल्यावर राहिलेला गाळाचा थर आठवडाभर तरी निसरडा असतो.

६. घाट चढताना

गिअर चढ सुरू व्हायच्या आधी उतरवा. पायावर पूर्ण जोर असताना पुढची चकती बदलली की चेन आत पडते, आणि घाटात तेल लागलेल्या हातांनी ती बसवावी लागते. फाट्यावर थांबा, दोन घोट पाणी प्या, पुढे लहान चकती लावा आणि मग निघा.

पेडल मिनिटाला ६०-७० वेळा फिरलं पाहिजे. त्याहून कमी फिरत असेल तर आणखी हलका गिअर घ्या. गिअर संपला असेल तर उभं राहून वीस-तीस पावलं मारा आणि परत बसा. वळणाच्या आतल्या कडेला चढ सगळ्यात उभा असतो, म्हणून रस्ता मोकळा असेल तर आपल्या बाजूच्या मध्यावरून वळा. समोरची लेन मात्र कधीच घेऊ नका. चढात नागमोडी चालवायची सवयही नको. मागून येणाऱ्या एसटीला तुमचा पुढचा झोका कळत नाही.

थांबावंसं वाटलं तर थांबा, पण वळण संपल्यावर, सरळ भागात, डांबराच्या बाहेर उतरून. पुन्हा निघताना उजवीकडून गाडी येत नाही ना बघा आणि आधी हलका गिअर लावलेला असू द्या.

खाणं आणि पाणी: तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, एका बाटलीत ओआरएस. पाकिटावर लिहिलेल्या मापातच मिसळा, घट्ट केलं तर मळमळतं. अर्ध्या-पाऊण तासाने एक केळं, राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाणे-गूळ. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. मिसळ परत आल्यावर. कट घशाशी घेऊन वाघबीळ चढायचा प्रयोग करू नये. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूधही येतानाच.

७. गडावर

गडाचा घेर सात किलोमीटरहून जास्त आहे आणि आतले रस्तेही चढउताराचे आहेत, त्यामुळे सायकल गडावर कामाला येते. कुलूप मात्र हवं, आणि सायकल अशा हॉटेलासमोर लावा जिथे तुम्ही चहा घेतलाय. तेवढी ओळख पुरते.

वेळ दीड तासच असेल तर तीन जागा निवडा. पहिली अंबरखाना: गंगा, यमुना, सरस्वती नावाच्या धान्याच्या कोठ्या. २५ हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. आत उभं राहिलं की १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड चार महिने कसा तगला ते उमगतं. दुसरी पश्चिमेकडचा तीन दरवाजा आणि जवळची अंधारबाव. वेढ्यात शत्रूने पाणी नासवू नये म्हणून विहिरीवरच इमारत चढवली आहे. तिसरी राजदिंडी. १२ जुलै १६६० च्या पावसाळी रात्री महाराज विशाळगडाकडे निघाले ते या वाटेने, असं मानलं जातं. ज्या चढाने आपण दमलो त्याच्या पलीकडच्या बाजूने, चिखलात, रातोरात ते गेले. बाजीप्रभू देशपांडे आणि शिवा काशिद यांची स्मारकंही गडावर आहेत.

कोल्हापूर गादीची राजधानी १७८२ पर्यंत इथेच होती. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूदृश्यांचे जे बारा किल्ले आले त्यात पन्हाळा आहे. बुरुजांवर, तटावर सायकल टेकवून फोटो काढायचा मोह आवरा. क्लिटचे बूट असतील तर फरसबंदीवर घसरतात. पिशवीत साध्या चपला ठेवा.

८. उतार: खरी परीक्षा इथे

चढात माणूस दमतो, उतारात पडतो. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. ताशी २० ला जे पाच मीटरमध्ये जमतं त्याला ४० ला वीस मीटर लागतात, आणि घाटातल्या वळणापलीकडे वीस मीटर दिसतातच असं नाही.

निघायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ताणून घ्या. क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक काढायचा खटका) असेल तर चाकं घट्ट आहेत का तेही पाहा.

हात हँडलच्या खालच्या वाकात ठेवा. तिथून लिव्हरवर जोर जास्त लागतो. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना दोन्ही ब्रेक लावून वेग उतरवा आणि वळणात ब्रेक सोडा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक सुटतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि त्यावर वजन. नजर खड्ड्यावर ठेवू नका, जिथे जायचंय तिथे ठेवा. सायकल नजरेमागे जाते.

ब्रेक सतत धरून उतरू नका. रिम ब्रेकमध्ये रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते, डिस्कमध्ये पॅड चकाकून पकड जाते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. खाली उतरल्यावर रिमला किंवा डिस्कला लगेच हात लावू नका, चटका बसतो.

माकडं, म्हशी आणि वळणावरच फोटोसाठी थांबलेली मोटार, या तिन्ही गोष्टी प्रत्येक उताराला भेटतात असं धरून चला.

९. जोतिबा जोडायचा असेल तर

पन्हाळा दोनदा नीट झाल्यावर फेरी वाढवा. केर्लीहून जोतिबाचा घाट चढा, डोंगरावरून दानेवाडीकडे उतरा, वाघबीळहून पन्हाळा आणि मग घर. दोन स्वतंत्र घाट होतात, म्हणून पाणी आणि खाणं दुप्पट. गर्दीचा रस्ता नको असेल तर वडणगे, निगवे, कुशिरे, पोहाळे अशी आतली वाट घ्या. पोहाळ्याला बौद्ध लेणी आहेत, शांत आणि सावलीची.

जोतिबाचं आजचं मंदिर १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलं. चैत्र यात्रेच्या आसपासचे आठ दिवस हा रस्ता सायकलचा नाही, सासनकाठ्यांचा आहे. एरवीही देवळाजवळ रस्त्यावर गुलाल असतो. ओला असला की टायर घसरतो, आणि पांढऱ्या हँडल टेपचा रंग कायमचा बदलतो.

१०. चढ नको, अंतर हवं असेल तर खिद्रापूर

पूर्वेला सगळी सपाटी. हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत खिद्रापूर. एका बाजूने साठ-पासष्ट किलोमीटर. इथे अडचण उंचीची नसते, उन्हाची आणि परतीच्या वाऱ्याची असते: येताना तोंड पश्चिमेला. म्हणून थंडीत जा, नऊ-साडेनऊपर्यंत पोहोचा आणि परतीचं अर्ध अंतर दुपारच्या आत कापा. हातकणंगलेपर्यंत सांगली रस्त्यावर जड वाहनं जास्त. कडेची पांढरी पट्टी सोडू नका.

कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, मधोमध छत गोलाकार उघडं. त्या गोलाखाली उताणं पडून पाठ सरळ करायला हरकत नाही. साठ किलोमीटरनंतर ती गरजही असते. नृसिंहवाडीला गुरुवारी आणि पौर्णिमेला जाऊ नका, सायकल लावायला जागा मिळत नाही. बासुंदी मात्र घ्या, परतीच्या निम्म्या वाटेची सोय होते.